इस्लापूर म्हटलं की थांबायचं

उस्ताद, नांदेडच्या त्या मंगल कार्यालयाच्या हिरवळीला खरं काय काय लागलं ते आज एकदा मांडतो. लाल माती लागली, शेणखत लागलं, मातीसकट कापून आणलेले गवताचे चौकोन लागले, ते सुकू नयेत म्हणून वरून ओली पोती लागली, टँकरचं पाणी लागलं, आणि तुमच्या इस्लापूरवाल्याच्या उजव्या पायाची तीन बोटं अन् टाच लागली. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात माझंही काही गेलं, पण ते कुणी धरलं नाही, तुम्हीही नाही. मला साधं खरचटलं नव्हतं, तेव्हा धरणार तरी काय म्हणा. हिरवळ ठरल्या तारखेला तयार झाली, ठरल्या तारखेला लग्न लागलं, आणि ज्या कोपऱ्यात तो पडला होता तिथं फोटो छान येतात म्हणून नवरा-नवरी तिथंच उभे राहिले. मी आंब्याच्या पानांची तोरणं बांधत होतो, म्हणून पाहिलं.

आता माझं सांगतो. तुम्ही हसणार. औशाहून एक पिशवी घेऊन आलेला माणूस आज लातुरात साहेब झाला आहे, एकदोन जण तर सरसुद्धा म्हणतात. नर्सरी आहे, दोन जेसीबी आहेत, बाया-माणसं मिळून चांगला ताफा आहे. गिऱ्हाइकाला चहा पाजून पाजून निम्मं काम मी खुर्चीत बसूनच मिळवतो. कान अजून तसेच आहेत. जेसीबी फाटकातून आत आला की डोळे मिटून सांगतो, कोणत्या चाकात हवा कमी आहे. माझ्या कामावर आजवर कुणाचं नख चेपलं नाही, हे मी नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या चहालाच सांगतो. दुसऱ्या चहाला सांगतो की माझ्या कामावर माझाच शब्द चालतो, कुणाचा उसना नाही. लोकांना असं ऐकायला आवडतं. मलाही सांगायला आवडतं.

तुमच्याकडं नाव चालत नव्हतं. मी पहिल्या दिवशी नाव सांगितलं तर तुम्ही हात झाडला. "नावं एका कामावर चार चार सारखी निघतात. गाव सांग." मी म्हटलं, औसा. झालं, त्या दिवसापासून मी औसा. एक देगलूर होता, एक मुदखेड होता, आणि माझ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो आला, इस्लापूर. धबधब्याकडचा माणूस, त्यामुळं बोलायचा मोठ्यानं अन् ऐकायचा कमी, असं मी त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा. त्याच्या हातात एक खोड होती, आणि तीच तुम्हाला आवडायची. धरलेलं काम अर्धं सोडायचा नाही. जेवायची हाळी आली तरी आळं पुरं करून मगच उठणार. तुम्ही त्याच्याकडं बघत राहायचे आणि मला म्हणायचे, "बघ जरा." मी बघायचो. काय बघायचं ते मला चांगलं कळायचं, उस्ताद, म्हणूनच तर जळायचो.

तो दिवस मला असा दिसतो. सकाळची वेळ आहे. भिंतीच्या कडेनं पायवाट चालली आहे, मुरूम पसरला आहे आणि भाड्यानं आणलेला रोलर तो दाबत पुढं-मागं करून राहिला आहे. मी आणि इस्लापूर, आम्ही दोघं रोलरच्या मागच्या बाजूला, भिंत आणि पायवाट यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, कडेचे दगड बसवतो आहोत. तुम्ही पार दुसऱ्या टोकाला टँकरपाशी. हौद भरतो आहे, चहावाला आला आहे, आणि सगळ्या कामावर एकच शब्द चालू आहे. पाइपवाल्याला बस, चहावाल्याला बस, मुरमाचं टोपलं ओतणाऱ्या बाईला बस. बस, बस, बस. रोलरवाल्यानं कानाला रुमाल बांधलेला, नजर पुढच्या चाकावर. रोलर मागं यायच्या आधी त्याचा आवाज एक क्षण जड होतो, घशात कफ अडकल्यासारखा. तो मी ऐकला आणि एका उडीत भिंतीवर चढलो. चढता चढता इस्लापूरची कॉलर ओढली. "अरे, सर की!" तो मान वर न करता म्हणाला, "थांब, दगड बसला का बघू दे." सदरा त्यानं झटक्यानं सोडवून घेतला.

मग तुम्ही ओरडलात. "बस! बस!" आणि तुमच्या ओरडण्यानं टँकरवाल्यानं घाबरून नळ बंद केला. चहावाल्यानं किटली उभी धरली. मुरूम ओतणारी बाई टोपलं डोक्यावर घेऊन थांबली. अख्खं काम थांबलं, एक रोलर सोडून. तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा ओरडलात. तो आवाज मी पुन्हा कधी तुमच्या तोंडून ऐकला नाही. "इस्लापूर!" हा शब्द त्या कामावर कुणी असा ओरडत नव्हता. रोलरवाल्यानं मान वळवली, आणि ब्रेक दाबला. लोखंड तोवर इस्लापूरच्या पायावर चढलं होतं. आणखी हातभर आलं असतं तर कमरेवर आलं असतं, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं, पण ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतच होतं.

मी भिंतीवर उभा होतो, बरोबर त्याच्या डोक्यावर. माणूस म्हणून मी खाली बघायला हवं होतं. मी तुमच्याकडं बघत होतो. आम्ही दोघं होतो, उस्ताद, आणि तुमच्या तोंडातून एकच नाव आलं. तुम्ही पळत आलात, धोतर सावरायचं भान नाही, आणि रोलरवाल्याला दम दिलात, "मागं घेऊ नको रे, पुढं काढ, पुढं!" डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या पायाला आवळलात. रिक्षात त्याचं डोकं तुमच्या मांडीवर. रिक्षा निघताना तुम्ही माझ्याकडं वळलात. मला वाटलं, आता विचारतील, तुला लागलं का रे? तुम्ही म्हणालात, "औसा, टँकर सोडून दे."

सोडला. काय करणार.

दवाखान्यातून निघाल्यावर त्याला गावी कुठं पाठवायचं म्हणून तुम्ही घरीच ठेवून घेतलंत. रोज सकाळी कामाला निघताना मी तुमच्या दारात यायचो. माई मला उंबऱ्यावर चहा द्यायच्या. आतल्या चुलीपाशी तो भिंतीला टेकून बसलेला असायचा, पाय उशीवर ठेवलेला, आणि तुम्ही पाटावर बसून दुधात भाकरी चुरून त्याला देत असायचे. माझे कान तिखट, हा माझा दोष नाही. तुम्ही आत जे हळू बोलायचे ते सगळं मला उंबऱ्यावर ऐकू यायचं. "घे, एक घास अजून. घे रे माझ्या लेकरा." लेकरा! मला तुम्ही दोन वर्षांत "औसा, टिकाव आण" याच्या पुढं काही म्हटलं नव्हतं. मी गरम चहा एका घोटात गिळायचो आणि "येतो" म्हणायचो. माई म्हणायच्या, "अरे, तोंड भाजंल की." त्यांना काय सांगणार, भाजलंच होतं.

एक गंमत सांगतो, तुम्हाला आठवत नसेल. त्याच आठवड्यात दगड उचलताना माझं बोट जरासं चेपलं. नख निळं झालं, बस एवढंच. मी त्याला ही मोठी चिंधी गुंडाळली, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, आणि दिवसभर तुमच्या डोळ्यासमोर हात मिरवत राहिलो. देगलूर म्हणाला, "काय बे, हात कापून टाकला की काय?" तुम्ही संध्याकाळी एकदाच बघितलं. म्हणालात, "हळद लाव." आणि पुढं गेलात. रात्रभर मला त्या माणसाच्या तुटलेल्या बोटांचा हेवा वाटत होता. हे वाचायला घाण वाटतं, मला कळतं. पण ते तसंच होतं.

मग तो नियम आला. पुढचं काम कॉलेजच्या आवारातलं होतं. मशीन सुरू व्हायच्या आधी तुम्ही सगळ्यांना गोळा केलंत. "त्या दिवशी बस म्हटलं तर टँकर थांबला, मशीन न्हाई थांबली. बस कुणीबी कुणालाबी म्हणतंय. आता ह्यापुढं मशीन थांबवायची असंल तर एकच शब्द. इस्लापूर. तो दुसऱ्या कशाला वापरायचा न्हाई, थट्टेत न्हाई, हसायला न्हाई. ज्यानं ऐकला त्यानं पाय ब्रेकवर, मग विचारा कशाला." मी गप्प बसलो असतो तर मी कसला? म्हटलं, "उस्ताद, औसा का न्हाई? आखूड हाय, तोंडात बसतंय." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "तू हायस ना इथं. तुला टिकाव आण म्हणून हाक मारली अन् मशीन थांबली, तर? तो बसलाय घरी. त्याचं नाव इथं मोकळं हाय."

बोलणं बरोबर होतं. तुमचं बोलणं नेहमी बरोबर असायचं, तीच तर पंचाईत. पण त्या दिवसापासून तो घरी बसून राहिला आणि त्याचं नाव आम्ही सगळे दिवसातून कितीदा तरी ओरडत राहिलो, जीव वाचवायला. माझं नाव टिकाव आणायला. पुढं तो बसूनच काम करायला लागला, कलमं बांधायला. तुमची कात्री, जिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, ती तुम्ही त्याला दिलीत. ती कात्री मी रोज पुसून ठेवायचो, उस्ताद. धार मी लावायचो. तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही गेल्यावर मी लातूरला आलो. देगलूर आणि मुदखेड माझ्याबरोबर आले, आणि त्यांच्या तोंडातून तो शब्द आला, आपोआप. मी काही केलं नाही. माझ्या कामावर आजवर एकाही माणसाचा पाय गेला नाही, त्यात माझ्या कानांचा वाटा किती अन् त्या शब्दाचा किती, हे मी कधी बघायला गेलो नाही. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी शिकतो. एक बिहारचा ऑपरेटर आहे, चांगला हात आहे त्याचा. महिनाभरानं मला म्हणाला, "सेठ, मराठी में रुकने को इस्लापुर बोलते हैं ना?" मी म्हटलं, हां. बाजारात रिक्षावाल्याला त्यानं तसं सांगून बघितलं असणार, कारण पुन्हा एकदा रागानं विचारायला आला होता.

यंदा तुमच्या मुलीनं पुण्यतिथीला बोलावलं. नांदेडला गेलो, मोठा हार घेऊन गेलो. तिनं फोटोला पहिला हार त्याला घालायला सांगितला. तो लंगडत पुढं झाला, सगळे बाजूला सरले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हेच ते, उस्तादांचे लाडके." माझा हार मोठा होता म्हणून तो खाली लोंबत राहिला, एवढंच. जेवायला आम्ही शेजारी बसलो. तो म्हणाला, "औसा, लई मोठा झालास म्हणं." मी म्हटलं, "मोठं काय, तुझ्या नावावर चाललंय. दिवसभर तुझाच जप हाय आमच्याकडं." त्यानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला आवडंल तर नाव घेऊन टाक माझं. अन् पाय दे तुझा. करतो का अदलाबदल?" आणि हसला, तेच जुनं हसू. मी पण हसलो. हात धुताना तो पुन्हा म्हणाला, "उस्ताद मला सांगायचे, औसाला हाक मारायची गरजच पडत न्हाई, त्याला आधीच ऐकू येतं. मला लई राग यायचा तुझा. मी पडून, अन् कौतुक तुझं."

हे त्यानं मला दिलं, उस्ताद, फुकट दिलं, आणि मला ते घेता आलं नाही. हाक मारायची गरज पडत नाही हे कौतुक झालं, मान्य. पण ज्याला हाक मारायची गरज पडत नाही त्याला कुणी हाक मारत नाही. मला ती हाक हवी होती. लातूरला येईपर्यंत गाडीत माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं. आणि आल्या आल्या, सोमवारी सकाळी, मी सगळ्यांना गोळा केलं, अगदी तुमच्यासारखं. म्हटलं, आजपासून शब्द बदलला. इस्लापूर बंद. आता औसा.

मुदखेड म्हातारा झालाय. तो म्हणाला, "कशाला मालक? चाललंय की." मी म्हटलं, "माझ्या कामावर माझाच शब्द." तो मान हलवत निघून गेला. मला कुणी अडवलं नाही. साहेब झाल्यावर हाच तोटा.

काम कुठं होतं माहीत आहे? लातुरात, औसा रोडवर. हॉटेलची बाग. आणि हॉटेलच्या फाटकाला लागूनच काळी-पिवळीचा थांबा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथं एकच बोंब, "औसा, औसा, औसाऽ! चला बसा, औसा!" माझ्यासारख्या कान असलेल्या माणसाला हे सुचू नये? सुचलं नाही. मला वाटलं असेल, वा, सगळा रस्ताच माझं नाव घेतोय. पाच-सहा दिवस कुणाला मशीन थांबवायची वेळ आली नाही, आणि मी खूश.

मग परवाचं झालं. जेसीबी मातीचा ढीग सारून मागं येत होता. मागं यायचा भोंगा वाजत होता, पण तो दिवसभर वाजतो, त्याच्याकडं कोण लक्ष देतं. एक मावशी गवत लावत लावत, मशीनकडं पाठ करून, उकिडवी बसल्या बसल्याच सरकत त्याच्या वाटेत आली होती. उन्हासाठी डोक्याला, कानाला पदर घट्ट बांधलेला. मी फाटकापाशी गिऱ्हाइकाबरोबर उभा. माझी बढाई दुसऱ्या चहापर्यंत पोचली होती. मला दिसलं, आणि मी ओरडलो, "औसा! औसा!" माझ्या मागून काळी-पिवळीवाला ओरडला, "औसा, औसा!" दोन प्रवासी माझ्याकडं बघायला लागले, गाडी निघाली की काय म्हणून. जेसीबी येतच राहिला. मावशी खाली मान घालून गवत दाबत राहिली. ऑपरेटरला ऐकू आलं होतं, नंतर त्यानं सांगितलं. त्याला वाटलं, रोजचंच आहे.

त्या क्षणी मी काही ठरवलं नाही. पळत सुटलो आणि माझ्या तोंडातून तुमचा आवाज निघाला, अगदी तोच, मंगल कार्यालयातला. "इस्लापूर!"

जेसीबी जागेवर थांबला. चाकाखाली मावशीचं टोपलं होतं, चपटं झालेलं. पदराचं टोक टोपल्याखाली. ती वळली, चाक बघितलं, आणि आधी टोपल्यासाठी ओरडली. "अगं बया, माझं टोपलं!" मग तिला सगळं उमगलं आणि ती दोन्ही हातांनी पदर टोपल्याखालून ओढायला लागली. मुदखेडनं पाणी आणलं. पाणी पिऊन तिला जरा दम आला तशी ती माझ्यावर उखडली. "मालक, पयलंच इस्लापूर म्हनायचं की वो! औसा औसा काय? म्या म्हटलं गाडीवाला बोंबलतोय." गिऱ्हाईक मागं चहा धरून उभं होतं.

तेव्हा मला कळलं, उस्ताद. त्या दिवशी तुम्ही काही निवड केली नव्हती. बस चाललं नाही, मग जो लोखंडाखाली होता त्याचं नाव निघालं. मी भिंतीवर होतो. भिंतीवरच्या माणसाला कोण हाक मारतं? इतकं साधं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, परवा माझ्याच घशातून कळलं. आणि कळलं म्हणून पोटातलं जळणं थांबलं का? नाही. दुधात चुरलेल्या भाकरीचं काय? कात्रीचं काय? ते तसंच आहे. फक्त आता ते तुमच्यावर टाकता येत नाही, माझं मलाच सांभाळावं लागतं.

मावशीला नवं टोपलं आणून दिलं. तिनं विचारलं, "इस्लापूर म्हंजी हाय तरी काय वो?" मी म्हटलं, "गाव हाय, किनवटकडं." ती म्हणाली, "बरं गाव हाय." मी म्हटलं, हाव.

हे कागद कुठं टाकणार, तुमचा पत्ता कुणाकडं आहे. लिहून झालं की बियाण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवीन. तुम्ही गेल्यापासून, त्या एका लंगड्या माणसाला सोडलं तर, मला औसा म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि ते पुन्हा ऐकावं म्हणूनच मी तो शब्द बदलला होता. हे मुदखेडला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

काल सोमवारपासून माझ्या कामावर पुन्हा इस्लापूर चालू आहे.